सामोआत तीन वर्षे कुटुंबासह राहायला जावे का?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्या यजमानांची पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशाची राजधानी आपिया येथे गणिताचे अध्यापक म्हणून तीन वर्षांच्या करारावर निवड झाली आहे. आम्ही सांगलीजवळ राहतो. मुलगी आठ वर्षांची आहे आणि सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या असून त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. मी शाळेत मराठी शिकवते आणि जायचे ठरले तर मला बिनपगारी रजा घ्यावी लागेल.

घरी हा विषय निघाला की प्रत्येकाला नकाशात बोट ठेवून ते बेट दाखवावे लागते. माहिती शोधायला गेले की निळ्या पाण्याची आणि पांढऱ्या वाळूची छायाचित्रे तेवढी मिळतात. मला मात्र तिथला साधा मंगळवार कसा असतो हे जाणून घ्यायचे आहे. भाजी कुठे मिळते, आजारी पडल्यावर काय करतात, शेजारी कसे वागतात? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तीन वर्षांत आपण त्या गावाचे थोडे तरी होऊ शकतो का, की शेवटपर्यंत परकेच राहतो? सासूबाईंना सोबत न्यावे का, हाही प्रश्न आहे. ज्यांनी त्या बाजूची बेटे पाहिली आहेत त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

दर्यागस्त

मालवाहू जहाजावर असताना आपियाच्या बंदरात दोनदा उतरलो आहे. शहर छोटे आहे आणि माणसे समोरून येताना नजर चुकवत नाहीत. मी जरूर जा असेच म्हणेन, पण किनाऱ्यावर चार दिवस घालवणाऱ्याच्या मताला किती वजन द्यायचे ते तुम्ही ठरवा.

नीरफणस

कृष्णाकाठ ताई, 2014 ते 2018 अशी चार वर्षे आम्ही आपियात काढली, म्हणून सविस्तर लिहिते.

सामोआ हा सुमारे दोन लाख लोकांचा स्वतंत्र देश आहे. उपोलू आणि सवाई ही त्याची दोन मोठी बेटे असून आपिया उपोलूच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. हवा बारा महिने दमट आणि उबदार असते, म्हणजे सांगलीपेक्षा रत्नागिरीची आठवण अधिक येईल. नोव्हेंबर ते एप्रिल हे पावसाचे आणि चक्रीवादळांचे महिने असतात. मी पहिल्या आठवड्यात फुंगालेईच्या बाजारात गेले तेव्हा अळकुड्यांचे ढीग, केळीचे घड, नारळ आणि नीरफणस पाहून मला माझ्या आजोळच्या आठवडी बाजारात उभी असल्यासारखे वाटले. माझे इथले टोपणनाव तिथूनच आले आहे. अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचे घट्ट दूध बांधून ती पुरचुंडी तापलेल्या दगडांच्या ‘उमू’ भट्टीत भाजतात, तिला ‘पालुसामी’ म्हणतात. अळूवडी खाऊन वाढलेल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. मात्र फ्लॉवर, सफरचंद, दूध असे बाहेरून येणारे पदार्थ महाग असतात, आणि डाळी व मसाले नेहमी मिळतीलच असे नाही. आम्ही फिजीहून येणाऱ्या ओळखीच्या माणसांकडे यादी देत असू, कारण फिजीत भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे आणि तिथल्या दुकानांत सगळे मिळते.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. तिथल्या जगण्याला ते लोक ‘फाआ सामोआ’, म्हणजे सामोआची रीत, म्हणतात. प्रत्येक विस्तारित कुटुंबाचे एक किंवा अनेक ‘मताई’, म्हणजे पदवी धारण करणारे कुटुंबप्रमुख, असतात आणि गावातील मताईंची सभा, म्हणजे ‘फोनो’, गावाचे नियम ठरवते. अनेक गावांत संध्याकाळी शंख फुंकला जातो किंवा घंटा वाजते, आणि प्रार्थनेचा तो वेळ संपेपर्यंत रस्त्यावरून फिरायचे नसते. या वेळेला ‘सा’ म्हणतात. मी पहिल्यांदा शंख ऐकला तेव्हा एका मैत्रिणीच्या गावात होते. भर रस्त्यात तिने माझा हात धरून मला एका घराच्या ओसरीवर बसवले आणि त्या घरच्या आजींनी काही न विचारता माझ्यासाठी चटई सरकवली. घरात दिवेलागणीला ‘शुभं करोति’ म्हणणाऱ्या माणसाला त्या शांततेचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

बसलेल्या माणसांच्या समोरून जाताना कमरेत वाकून ‘तुलोऊ’, म्हणजे माफ करा, म्हणायचे, कुणाकडे पाय पसरून बसायचे नाही, गावातून जाताना चालत चालत खायचे नाही, एवढे तीन नियम मुलीला आधीच शिकवा. ती पाळते आहे असे दिसले की तुम्ही निम्म्या आत गेलात असे समजा.

ताराबळ

वेळेचे गणित लिहून ठेवा. आपिया भारताच्या साडेसात तास पुढे आहे, म्हणून तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा सांगलीत आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. 2011 च्या आधी हा देश तारीखरेषेच्या दुसऱ्या बाजूला होता. ज्यांच्याशी व्यापार चालतो त्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये शनिवार उजाडलेला असताना सामोआत शुक्रवारच असे आणि कामाचे दिवस वाया जात, म्हणून सरकारने 30 डिसेंबर 2011 हा शुक्रवार दिनदर्शिकेतून गाळला. लोक गुरुवारी रात्री झोपले आणि शनिवारी उठले. अमेरिकेच्या ताब्यातले शेजारचे अमेरिकन सामोआ मात्र जुन्याच बाजूला राहिले, त्यामुळे तासाभराच्याही आतल्या विमानप्रवासाने माणूस कालच्या दिवसात उतरतो.

आकाशही वेगळे आहे. तिथून ध्रुवतारा दिसत नाही, आणि जून-जुलैमध्ये भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो. मुलीला काठीची सावली मोजायला अवश्य लावा.

स्वच्छंद

मी संगणकाच्या क्षेत्रात घरून काम करतो. पॅसिफिकमधल्या एखाद्या पॉलिनेशियन बेटावर किनाऱ्यालगत दहा-पंधरा गुंठे जागा घेऊन लहानसे घर बांधावे आणि कायमचे तिथेच राहावे, असे अनेक वर्षे मनात आहे. तीन वर्षांच्या नोकरीपेक्षा हा मार्ग बरा नाही का? सामोआत जमिनीचा भाव काय असतो?

नीरफणस

स्वच्छंद, या प्रश्नाला भावाचा आकडा सांगून उत्तर देता येत नाही. सामोआतील सुमारे 80 टक्के जमीन परंपरागत, म्हणजे कुटुंबांची सामाईक आहे. मताई तिचा सांभाळ करतो, पण तोही ती विकू शकत नाही, कारण देशाच्या राज्यघटनेनेच तिच्या विक्रीला मनाई केली आहे. खासगी मालकीची थोडी जमीन आहे, पण परकीय नागरिकाला ती सहजासहजी घेता येत नाही. किनाऱ्यावर पर्यटकांसाठी ज्या भिंती नसलेल्या झोपड्या, म्हणजे ‘फाले’, दिसतात त्या बहुतेक गावातल्याच कुटुंबांनी आपल्या जमिनीवर बांधलेल्या असतात. पूर्वजांना घराच्या अंगणातच पुरण्याची तिथे पद्धत आहे. ज्या अंगणात आजोबांची समाधी आहे ते अंगण विकायचे, ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही.

माडबन

वेंगुर्ल्याहून लिहितो. स्वच्छंद यांच्या मनाला लागेल, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. समुद्र दिसतो एवढ्यासाठी आमच्या गावातल्या जागा गेल्या वीस वर्षांत बाहेरच्यांनी घेतल्या आणि वर्षातले अकरा महिने ती घरे बंद असतात. ज्यांनी विकल्या त्यांच्या मुलांना आता गावात घर बांधायला परवडत नाही. सामोआने घटनेतच कुंपण घातले, हे वाचून मला मनापासून बरे वाटले.

नारळाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा आम्हा बागायतदारांच्या परिचयाचा आहे. हाच भुंगा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सामोआत पोचला आणि त्याने तिथल्या बागांची फार नासाडी केली. त्याच्या अळ्यांना मारणारा एक विषाणू 1963 मध्ये मलेशियात सापडला आणि 1967 मध्ये तो प्रथम सामोआतच सोडण्यात आला. त्याला चांगले यश आले आणि पुढे इतर अनेक बेटांवर तो नेला गेला. हे मला कृषी विद्यापीठातल्या एका सरांनी बागेत उभे राहून सांगितले होते, तेव्हापासून त्या देशाविषयी एक आपलेपणा आहे.

होनोलुलूकर

मी हवाईतल्या ओआहू बेटावर नऊ वर्षे आहे. हवाई म्हणजे पॉलिनेशियाचे उत्तरेचे टोक. इथे जमीन विकत मिळते, आणि त्याचा परिणाम काय होतो हे मी रोज पाहतो. 1893 मध्ये इथल्या राणीला पदच्युत केले गेले आणि 1898 मध्ये अमेरिकेने ही बेटे आपल्यात सामील करून घेतली. आज घरांच्या किमती अशा आहेत की मूळ हवाई वंशाची अधिक माणसे हवाईबाहेर, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात. माझ्या शेजारच्या कुटुंबातले दोन्ही मुलगे लास व्हेगासला गेले आणि त्यांची आई मला भावासारखे मानून प्रत्येक सणाला जेवायला बोलावते. तिच्या ताटावर बसताना मी भाड्याच्या घरात राहतो याचे मला समाधान वाटते. स्वच्छंद, बेटावर जरूर राहावे, परंतु तिथल्या कुणाची तरी जागा आपण घेत नाही ना, हे आधी पाहावे.

स्वच्छंद

माडबन आणि होनोलुलूकर, या बाजूने मी कधी विचार केला नव्हता. दोघांचे आभार. जागेचा विचार मी बाजूला ठेवतो.

शुश्रूषा

मी ऑकलंडमध्ये परिचारिका आहे आणि माझ्या विभागात सामोअन रुग्ण रोज असतात. न्यूझीलंडमध्ये सामोअन वंशाचे जवळपास तितकेच लोक राहतात जितके खुद्द सामोआत आहेत. 1970 मध्ये सुरू झालेल्या योजनेखाली दरवर्षी साधारण 1,100 सामोअन नागरिकांना आता सोडतीने इथे कायमचे राहण्याची संधी दिली जाते.

प्रकृतीविषयी स्पष्ट लिहिते. सामोआत मलेरिया नाही, कारण तो पसरवणारा डासच त्या भागात नाही. डेंग्यू मात्र आहे. आपियात मोठे सरकारी रुग्णालय आहे आणि तिथे रक्तदाब, मधुमेह यांवर नेहमीचे उपचार होतात. पण हृदयाची मोठी शस्त्रक्रिया किंवा गुंतागुंतीचा कर्करोग असेल तर रुग्णाला बाहेर, बहुधा न्यूझीलंडला, पाठवावे लागते. म्हणून विमानाने हलवण्याचा खर्च ज्यात धरला आहे असा विमा घेतल्याशिवाय सासूबाईंना नेऊ नका. जाण्यापूर्वी त्यांची हृदयाची पूर्ण तपासणी करून घ्या.

आणि गोवर. 2018 मध्ये लस चुकीच्या द्रावणात मिसळली गेल्याने दोन बालकांचा मृत्यू झाला आणि लोकांचा लसीकरणावरचा विश्वास उडाला. 2019 च्या अखेरीस गोवराची साथ आली आणि तिच्यात 83 माणसे दगावली, त्यांतली बहुतेक लहान मुले होती. त्या डिसेंबरात दोन दिवस सगळा देश बंद ठेवून लसीकरण पथके घरोघर गेली आणि ज्या घरात लस घ्यायची राहिली होती त्या घरांपुढे लाल कापड बांधायला सांगितले गेले. त्या काळात माझ्यासोबत काम करणाऱ्या एका सामोअन ताईंची भाची गेली. त्या रात्रपाळीला आल्या, काम केले आणि पहाटे भांडारात जाऊन रडल्या. मला ते विसरता येत नाही.

रोखठोक

सगळे चांगलेच लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी सपत्नीक दोन वर्षे टोंगा या त्याच बाजूच्या बेटांच्या देशात होतो. सामोआ वेगळा देश आहे हे मान्य, तरी बरेच काही सारखे आहे. टोंगाच्या राज्यघटनेतच रविवार पवित्र मानला आहे, आणि सामोआतही रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, बस धावत नाहीत, गाव चर्चला जाते आणि मग घरोघरी मोठे जेवण होते. ज्याचे चर्च नाही त्याचा तो दिवस फार लांबतो. माझ्या पत्नीला स्वतंत्र परवान्याशिवाय नोकरी करता येत नव्हती. मी कामावर गेलो की तिला दिवसभर बोलायला कुणी नसे. शेजारी प्रेमळ होते, पण त्यांचे जग शंभर-दीडशे नातेवाइकांनी भरलेले होते आणि त्यात आमची गरज नव्हती. दुसऱ्या वर्षी ती फार खचली आणि आम्ही करार संपायच्या आत परतलो.

नीरफणस ताई म्हणतात तसे वाकून ‘तुलोऊ’ म्हटल्याने माणूस निम्मा आत जातो, हे मला पटत नाही. अंगणात घेतात, माजघरात घेत नाहीत. कृष्णाकाठ यांनी हे गृहीत धरूनच जावे.

नीरफणस

रोखठोक, तुमच्या पत्नीविषयी वाचून वाईट वाटले. ‘निम्म्या आत’ हे मी घाईने लिहिले, ते मागे घेते. आमचेही पहिले वर्ष असेच गेले. काय बदलले तेवढे सांगते.

तिथे ‘फाआलावेलावे’ नावाची गोष्ट असते. कुणाकडे लग्न, मर्तिक किंवा मताईपदाचा समारंभ असला की सगळे कुटुंब पैसे, बारीक विणीच्या चटया, माशांचे आणि मांसाचे डबे घेऊन जाते, आणि यजमानही येणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. आपला आहेर आणि परतीचा आहेर पाहिलेल्या माणसाला यातला मान आणि यातला ताण दोन्ही कळतात, कारण या खर्चापायी तिथली कुटुंबे कर्जातही जातात. माझ्या यजमानांच्या सहकाऱ्याचे वडील वारले तेव्हा मी प्रथम पाकीट देऊन परत यावे असे ठरवले होते. तिथे गेल्यावर मागच्या अंगणात बायका ताटे वाटताना दिसल्या आणि मी काही न बोलता भांडी घासायला बसले. संध्याकाळपर्यंत बसले होते. त्यानंतर त्या घरात माझे नाव झाले आणि दर रविवारच्या जेवणाला, ज्याला ‘तोओनाई’ म्हणतात, आम्हाला निरोप येऊ लागला. आमचा धर्म वेगळा आहे आणि आम्ही मांस खात नाही हे त्यांनी एकदा विचारून घेतले, मग आमच्यासाठी नीरफणस आणि पालुसामी वेगळे निघत असे.

त्यांची एक म्हण आहे: ‘ओ ले आला इ ले पुले ओ ले तौतुआ’. अधिकाराकडे जाणारी वाट सेवेतून जाते, असा तिचा अर्थ. माजघर म्हणाल तर आम्हालाही मिळाले नाही, ते रक्ताच्या माणसांचे असते. पण मागच्या अंगणातली जागा मिळाली, आणि मला ती पुढच्या खोलीतल्या खुर्चीपेक्षा मोलाची वाटली.

रोखठोक

हे मला मान्य आहे. आम्ही बोलावणे येण्याची वाट पाहत राहिलो, स्वतःहून उठून कुठे गेलो नाही. पत्नीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली की भांडी घासायचे सुचले असते तर बरे झाले असते.

बखरकार

जायचे ठरले तर थोडा इतिहास वाचून जा, म्हणजे लोक काय जपतात ते कळेल. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी न्यूझीलंडने ही बेटे जर्मनीकडून घेतली. 7 नोव्हेंबर 1918 रोजी ऑकलंडहून आलेल्या एका जहाजावर इन्फ्लुएन्झाचे रुग्ण होते, तरी त्याला धक्क्याला लागू दिले गेले, आणि काही आठवड्यांत लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाहून अधिक माणसे मरण पावली. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदरे कडक बंद ठेवली आणि तिथे एकही मृत्यू झाला नाही. त्या संतापातून आणि पुढच्या कारभारातल्या अपमानांतून ‘माऊ’ ही अहिंसक चळवळ वाढली. 28 डिसेंबर 1929 रोजी आपियातल्या शांत मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात चळवळीचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे जखमी होऊन दुसऱ्या दिवशी वारले, आणि जाताना त्यांनी आपल्या लोकांना शांतता राखण्यास सांगितले. तारीख पाहा. त्याच आठवड्यात लाहोरला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि 31 डिसेंबरच्या मध्यरात्री रावीच्या काठी तिरंगा फडकला. 1 जानेवारी 1962 रोजी सामोआ स्वतंत्र झाला. 2002 मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात येऊन या सगळ्याबद्दल जाहीर माफी मागितली.

भाषावेडी

कृष्णाकाठ ताई, तुम्ही मराठी शिकवता म्हणून हे खास तुमच्यासाठी. वर्णमालेत क ख ग घ ङ शिकवताना त्या ‘ङ’ साठी आपल्याकडे ‘वाङ्मय’ सोडल्यास मुलांना उदाहरण देता येत नाही. सामोअन भाषेत तो स्वर-व्यंजनांच्या संसारात राजासारखा वावरतो. रोमन लिपीत ‘जी’ लिहितात, पण उच्चार ‘ङ’ असतो, आणि शब्दाच्या आरंभीही येतो. भाषेलाच ते ‘ङाङाना’ म्हणतात. पाङो पाङो हे अमेरिकन सामोआतल्या बंदराचे नाव तसेच. तुमच्या मुलीला हा उच्चार तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा लवकर जमेल.

दर्यागस्त

एक राहिले. तिथे गाड्या डाव्या बाजूने चालतात. पूर्वी उजवीकडून चालत, पण न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांकडून स्वस्त गाड्या आणता याव्यात म्हणून 7 सप्टेंबर 2009 पासून बाजू बदलली. तुम्हाला पुन्हा शिकावे लागणार नाही. त्याच महिन्याच्या 29 तारखेला त्सुनामी आली आणि दक्षिण किनाऱ्यावरची गावे वाहून गेली, सामोआत सुमारे दीडशे माणसे गेली. घर घ्याल तेव्हा उंचावर जाण्याची वाट कोणती, हे पहिल्याच दिवशी सासूबाईंसह सर्वांनी चालून पाहा.

कृष्णाकाठ

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले आणि रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवले. मुलीने ‘ङाङाना’ शब्द पाठ केला आहे. सासूबाई सगळे ऐकून बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले की शंख गावातला माणूस फुंकतो की ध्वनिमुद्रित असतो. मी इथल्या लिखाणावरून माणूसच फुंकतो असे सांगितले, ते बरोबर आहे ना? त्यानंतर त्या म्हणाल्या की हृदयाची तपासणी चांगली आली तर मी येते, नाही आली तर मला धाकट्याकडे ठेवा आणि तुम्ही जा, माझ्यासाठी थांबू नका.

तिथले शाळेचे वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होते असे कळले, म्हणून आम्ही जानेवारीत निघण्याचा विचार करतो आहोत. तो वादळांचा काळ आहे हे लक्षात आहे. रोखठोक यांच्या प्रतिसादाबद्दल मी विशेष आभारी आहे, कारण रिकामे दिवस माझ्या वाट्याला येणार आहेत. मी तिथल्या शाळेत विनामोबदला मदत करू शकेन का, याची परवानगी आधीच विचारून ठेवते.

नीरफणस

मी पाहिलेल्या गावात माणूसच फुंकत असे, आणि जवळून ऐकला की छातीत घुमतो. मसाले कुटलेले, बंद पाकिटात आणि आगमनपत्रावर नोंदवूनच न्या. बी-बियाणे आणि रोप काहीही नेऊ नका, कारण 1993 मध्ये अळूवर पडलेल्या करप्याने त्यांचे मुख्य पीक जवळपास संपले होते आणि ते याबाबत अत्यंत दक्ष असतात. एक छोटी पुरणयंत्राची जाळी न्या, तिथे मिळत नाही.

शुश्रूषा

ऑकलंडमार्गे जाणार असाल तर संक्रमण व्हिसा महिनाभर आधी काढा. वाटेत थांबण्याचा वेळ असला तर मला इथे निरोप लिहा, मी विमानतळावर भेटायला येईन. आणि मुलीच्या गोवराच्या लसीच्या दोन्ही मात्रांची नोंद असलेले कार्ड सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.